लेसर, पण आत्ता नाही

मे महिन्यात माझ्या ओपीडीत बारावी झालेल्या मुलामुलींची गर्दी असते. परीक्षा झालेली, निकाल यायचा, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत चष्मा घालवायचा असतो. माझा दवाखाना धुळ्यात आहे. लेसरचं मशिन माझ्याकडे नाही. मी तपासणी करते, डोळा योग्य असेल तर नाशिकला चिठ्ठी देते आणि ऑपरेशननंतर पेशंट पुन्हा माझ्याकडे येतो. बहुतेक केसेस सरळ असतात. त्या दुपारी आलेली केस तशी नव्हती.

वडील आणि मुलगी शिरपूर तालुक्यातून एसटीने आले होते. बाहेर धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन, वडिलांच्या खांद्यावरचं उपरणं घामाने भिजलेलं. खुर्चीवर टेकायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, नाशिकनी चिठ्ठी द्या. पैसासनी काळजी करू नका, कापूसना पैसा ठेयेल शेतस."

ऑपरेशन कशासाठी, हे मी प्रत्येकालाच विचारते. लग्न, पोलीस भरती, नुसताच कंटाळा, अशी उत्तरं येतात. मुलगी म्हणाली, "मला एअर फोर्समध्ये पायलट व्हायचंय. सप्टेंबरमध्ये एनडीएची लेखी परीक्षा आहे. क्लासचे सर म्हणाले, मेडिकलला चष्मा चालत नाही, सुट्टीत लेसर उरकून घे."

एनडीए म्हणजे बारावीनंतर तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची प्रबोधिनी. मी चिठ्ठीचं पॅड बाजूला ठेवलं. माझा एक वर्गमित्र हवाई दलाच्या वैद्यकीय शाखेत होता, त्यामुळे तिथले डोळ्यांचे निकष मला ठाऊक होते. सरांचं अर्धं म्हणणं खरं होतं. पायलटला उणे नंबर चालत नाही, अधिक नंबर थोडासा असला तर चालतो. पण उरलेल्या अर्ध्यात त्या मुलीचं नुकसान होतं. लेसर झालेला डोळा हवाई दल स्वीकारतं, मात्र ऑपरेशन वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर केलेलं हवं, त्यानंतर किमान 12 महिने गेलेले हवेत, आणि डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी 25.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. एनडीएत जायचं वय आहे साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे एनडीएच्या वयात केलेलं लेसर नियमात बसूच शकत नाही. मुलगी सतरा वर्षांची होती. त्या सुट्टीत ऑपरेशन झालं असतं तर एनडीए तर गेलंच असतं, पण पदवीनंतर लढाऊ विमानापर्यंत नेणारा रस्ताही बंद झाला असता.

हे सांगायच्या आधी मला तिचा डोळा नीट पाहायचा होता. खोलीत अंधार करून रेटिनोस्कोप लावला. बाहुलीतून प्रकाशाची पट्टी सरकते, ती माझ्या हाताच्या उलट दिशेला गेली की उणा नंबर. भिंगं बदलत गेले. उणे तीनला पट्टी थांबली आणि सगळी बाहुली एकदम उजळली. दुसरा डोळा पावणेतीन. वर्षापूर्वीच्या चिठ्ठीत सव्वादोन लिहिलेलं होतं, म्हणजे नंबर अजून वाढत होता. पायलटकी नसती तरी या वयाला आणि या नंबराला मी लेसरची चिठ्ठी दिली नसती. अठरा पूर्ण आणि वर्षभर नंबर स्थिर, एवढं तर कोणालाही लागतं.

मग लांबी मोजली, 24.6 मिलिमीटर. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, जाडी चांगली होती. रंगांची पुस्तिका समोर धरली तेव्हा एकेका ठिपक्यांच्या गोलातला आकडा तिने मी पान उलटायच्या आत सांगितला. पायलटला रंगदृष्टी पहिल्या दर्जाची लागते आणि ती कुठल्याही ऑपरेशनने मिळत नाही. तिला ती जन्मतःच मिळाली होती.

पुढचं काम खरं तर नेत्रतज्ज्ञाचं नाही, पण मला राहवलं नाही. सिस्टरला टेप आणायला सांगितली. पायलटची उंची किमान 162.5 सेंटिमीटर हवी, ती 166 भरली. भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ लांब करून बसवलं आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजलं. हे माप 99 ते 120 सेंटिमीटरमध्ये असावं लागतं, तिचं मधोमध आलं. मांडीची लांबी 64 च्या आत हवी. "मांडीचं काय काम?" तिने विचारलं. विमानातून इजेक्ट होताना सीट सरळ वर फेकली जाते, गुडघे पुढे आलेले असले तर समोरच्या पॅनेलवर आपटतात. हे ऐकून तिचा चेहरा उजळला. भीतीऐवजी तिला त्यात गंमत वाटली.

वडिलांना मात्र हे सगळं टाळाटाळीचं वाटत होतं. मी नकार दिला तेव्हा ते चिडले. "आठे नही ते दुसरीकडे करी लेसूत. ऑपरेशन करेल शे, हाई कोणले समजी?"

समजतं, दादा. कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची तपासणी असते, त्यात लेसरने पातळ झालेला मधला भाग लगेच दिसतो. मी कॉम्प्युटरवर हवाई दलाचे वैद्यकीय निकष काढून त्यांच्यासमोर प्रिंट दिली. वीस वर्षांची ओळ मराठीत समजावली. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग पोर पायलट नही व्हई का?"

होईल, पण एनडीएतून नाही. हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि तरीही तो अर्धा तास मला त्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटला. पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट नावाची परीक्षा असते. तिथे फ्लाइंग शाखेसाठी वय वीस ते चोवीस, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. निवड झाली की प्रशिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत, सुरुवात पिलाटस या शिकाऊ विमानावर, नंतर लढाऊ, मालवाहू किंवा हेलिकॉप्टर. हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या शाखेत 2016 पासून मुली आहेत. भूदलाची हेलिकॉप्टरं चालवायला शिकवणारी शाळा तर आपल्या शेजारी नाशिक रोडला आहे, आणि 2022 मध्ये अभिलाषा बराक तिथूनच भूदलातली पहिली महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडली. नाशिकचं नाव ऐकून वडील मुलीकडे वळले आणि म्हणाले, "नाशिकले?" दुंडिगल त्यांना लांबचं वाटत होतं, नाशिक ओळखीचं होतं.

नागरी विमानाचा पर्यायही मी सांगितला. प्रवासी विमानाच्या पायलटला चष्मा चालतो, शिवाय शिकाऊ विमानांसाठी धुळ्याला गोंदूरची आणि शिरपूरला तिथली धावपट्टी आहेच. पण त्या प्रशिक्षणाला काही दशलक्ष रुपये लागतात, म्हणजे या घराला जमीन विकावी लागली असती. मुलगी म्हणाली, "मला ते नको." त्या शिकाऊ विमानांना ती शेतातून लहानपणापासून बघत आली होती, तिला त्याहून वरची, हवाई दलाची विमानं हवी होती.

मग तिने माझ्याकडून पेन मागितलं आणि फाइलच्या पाठीवर लिहू लागली. वीस पूर्ण, मग लेसर, मग बारा महिने, म्हणजे एकवीस. चोवीसपर्यंत तीन वर्षं. प्रत्येक आकड्याखाली रेघ. "आणि सीपीएसएस?" तिने विचारलं. संगणकावरची पायलट निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की फ्लाइंग शाखेसाठी पुन्हा संधी नाही. एनडीएच्या मार्गाने आत्ता हवाई दलाच्या मुलाखतीला गेली असती तर ती चाचणी अपुऱ्या तयारीत देऊन बसली असती, आणि उणे नंबरामुळे मेडिकलला तरीही अडकली असती. "म्हणजे सप्टेंबरचा फॉर्म नको," ती स्वतःच म्हणाली. मी हो म्हटलं. वडिलांनी कापसाचे पैसे असलेली पिशवी परत उपरण्यात गुंडाळली.

लांबीचा हिशेबही तिला सांगून ठेवला. डोळा एक मिलिमीटर वाढला की साधारण अडीच ते तीन नंबर वाढतो. तिच्याकडे जेमतेम 0.9 मिलिमीटरची जागा होती. या वयात वाढीचा वेग बहुधा मंदावतो, पण बहुधाच. म्हणून दर सहा महिन्यांनी मोजायचं, कागद जपून ठेवायचे.

ती आता धुळ्यात बीएस्सी करते आहे, भौतिकशास्त्र घेऊन. दर खेपेला फाइल घेऊन येते. नंबर सव्वातीनवर थांबला आहे, लांबी 24.7. माझ्या केसपेपरवर लेसर विचारणाऱ्यांसाठी आता एक रकाना आहे: सैन्य, नौदल, हवाई दल? रिसेप्शनवरची मुलगी तो भरल्याशिवाय पेशंट आत पाठवत नाही. त्या क्लासच्या सरांना मी जाऊन भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रिंट मागून घेतली, आणि आता ते नववीतल्या मुलांनाच आधी डोळे तपासायला पाठवतात. मागच्या तुकडीत एका मुलाला हिरव्या-लाल ठिपक्यांमधले आकडे दिसत नव्हते. त्याला, आणि सोबत आलेल्या त्याच्या मामाला, मी त्याच दिवशी सांगितलं. पायलट होता येणार नाही, हे त्याला नववीत कळलं. मामा विचारत होता, विमान बनवायचं शिक्षण कुठे मिळतं. मुलाने त्याच्या वहीत शाखांची नावं लिहून घेतली आणि मराठीतून माहिती कुठे वाचायला मिळेल, ते विचारलं.