स्वच्छ नखं

सकाळी सही करताना नखांकडे लक्ष गेलं. स्वच्छ होती. कडेला, कोपऱ्यात, कुठेही माती नाही. एवढंच झालं, पण त्यानंतर दिवसभर कशात मन लागलं नाही.

सही दोनशे कपांच्या ऑर्डरवर होती. तीन महिने जिची वाट पाहिली तीच ही ऑर्डर. सगळे खूश होते, मीही होते. मग समोरच्या बाईंनी नमुन्याचा कप हातात फिरवत विचारलं, "हे तुम्हीच घडवता ना?" मी म्हणाले, "आमची टीम घडवते." त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी घशात काहीतरी अडकलं, ते अजून तसंच आहे.

चाकावर शेवटची कधी बसले होते? नवी भट्टी आली त्याच्या आधी. आता मी फक्त तिचा तक्ता बघते. ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास जपून न्या, तिथे मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते, ते एकदम फुगतं, घाई केली तर भांडं तडकतं, हे नव्या मुलांना किती वेळा सांगते! सगळं सांगते. करत काहीच नाही.

दादा तेव्हाच म्हणाला होता, छंदाचा धंदा करू नकोस, दोन्ही जातील. किती भांडले होते त्याच्याशी. ते जाऊ दे.

पण छंद नव्हताच तो, आणि हे मला कुणालाच नीट सांगता आलं नाही. आईलाही नाही. हात मातीत राहावेत म्हणून मी हा व्यवसाय काढला. आणि आज हात सोडून बाकी सगळं मातीत आहे: पैसा, झोप, रविवार.

दुपारी हिशेब बघता बघता इंग्लंडचा कुंभार जोसाया वेजवुड आठवला. १७५९ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला, पुढे केवढा वाढवला, तरी जॅस्पर नावाच्या मातीसाठी हजारो चाचण्या स्वतः केल्या. भट्टीची उष्णता मोजायचं साधन शोधलं, १७८३ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेवर निवडला गेला. एवढ्या पसाऱ्यात त्याला वेळ कसा मिळाला? मग वाटलं, त्याच्याकडे विक्री बघायला भागीदार बेंटली होता. माझ्याकडे मीच आहे. डोळ्यांत पाणीच आलं, आणि मग स्वतःचाच रागही आला.

कारण इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचचंही मला माहीत आहे. १९२० मध्ये त्याने हामादा या जपानी कुंभारासोबत इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला भट्टी लावली. पुढे तिथली शिकाऊ मंडळी ठरलेल्या नमुन्यांची रोजच्या वापराची भांडी घडवायची, त्यावर कार्यशाळा चालायची आणि लीच आपली एकेक भांडी घडवत राहायचा. मग टीमने कप घडवले तर त्यात दुखण्यासारखं काय आहे? मुलं छान घडवतात, कानाची जोडणी तर माझ्यापेक्षा सफाईने करतात. मी चाकावर बसत नाही, दुखतंय ते हे. आणि बसू नकोस असं मला कुणी सांगितलेलं नाही. ईमेल थांबले असते. मीच थांबवले नाहीत.

रात्री सगळे गेल्यावर बसले. गोळा मध्यावर येईचना. कोपर मांडीला घट्ट टेकवलं, श्वास रोखला, तरी माती तळहाताला धक्के देत राहिली. पूर्वी हे डोळे मिटून व्हायचं. तीन गोळे वाया गेले. चौथा एका क्षणी शांत झाला, फिरतोय की थांबलाय कळू नये इतका, आणि मग भिंत वर यायला लागली. मी मोठ्याने "आली" म्हणाले, ऐकायला कुणी नव्हतं तरी.

एक वाडगा झालाय, थोडा कललेला. प्लास्टिकखाली झाकून ठेवलाय. बुड जड राहिलंय, सकाळी खरवडावं लागेल, आणि ते फार वाळायच्या आत व्हायला हवं. म्हणून नऊचा फोन अकरावर ढकललाय.