अकरा किलो वह्या

१४ जुलै २०२४. आषाढीच्या आधीचा रविवार. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि हे अचानक म्हणाले, "आज रद्दी देऊन टाकू."

माझा विश्वासच बसेना. आमच्याकडे पेपर रोज येत होता आणि रोज तसाच, घडीही न मोडता, मंदारच्या खोलीच्या दाराशी रचला जात होता. हे जवळपास चाळीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पेपर वाचतानासुद्धा हातात लाल पेन असायचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की त्याभोवती गोल, आणि मंदार लहानपणी त्या गोलांना डोळे-मिशा काढायचा. १९ एप्रिल २०२१ नंतर यांनी पेन उचललं नाही. पेपर मात्र बंद करू दिला नाही.

मंदार आमचा एकुलता एक. सत्ताविसाव्या वर्षी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. आम्ही पुण्यात नवी पेठेत राहतो, वैकुंठ स्मशानभूमी घरापासून चालत पाच मिनिटांवर, आणि तरी त्याला घरी आणता आलं नाही. दवाखान्यातून गाडी परस्पर तिकडे गेली. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. दहाव्याला गुरुजींनी फोनवरून मंत्र सांगितले आणि आम्ही गच्चीवर पिंड ठेवला. कावळा कधी शिवला ते मला लिहवत नाही.

त्यानंतर वैकुंठासमोरून जाणारा रस्ता आमच्याकडून सुटला. पलीकडे काही काम असलं तरी आम्ही गांजवे चौकाकडून लांबचा वळसा घालायचो. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. मंदारचं नाव घ्यायचं नाही, हेही ठरवलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी दूध, गॅस, लाइट बिल एवढंच बोललो. भांडलोही नाही. भांडायला तरी काहीतरी लागतं.

तर रद्दीचं दुकान. आमचे गठ्ठे मोजून व्हायच्या आधी एक मुलगा पुढे होता. अंगात रेनकोट नाही, पाठीवर सॅक, पायाशी दोन पोती. आमच्या भागात असे हजारो आहेत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून येतात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहतात, मेसमध्ये जेवतात, पहाटेपासून अभ्यासिकेत बसतात. वर्षानुवर्षं त्यांच्या गर्दीतून वाट काढत मी भाजी आणली, पण चेहरा एकाचाही कधी बघितला नव्हता.

पुस्तकं रद्दीत देणारी मुलं पुष्कळ दिसतात. हा वह्या देत होता. हातानं लिहिलेल्या. दोनशे पानी रजिस्टरं, कडेला रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेली. काट्यावर अकरा किलो भरल्या. दुकानदार म्हणाला, "एकशे दहा होतात." मुलानं मान डोलावली. पैसे मोजलेही नाहीत.

यांनी वरची वही उघडली. काय बघितलं कोण जाणे, अक्षर बघितलं असेल. आयुष्य दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात गेलेला माणूस. म्हणाले, "या मला द्या. दोनशे देतो."

"काका, तुम्ही विकायला आलात की घ्यायला?" दुकानदार म्हणाला.

मुलगा तोवर वळला होता. यांनी हाक मारली, "अरे, मांडणी किती छान आहे तुझी. मला काही विचारायचं झालं तर? नंबर दे." त्यानं दिला. कशाला हवाय, हेसुद्धा विचारलं नाही. मला तेच खटकलं. या वयाचा मुलगा अनोळखी माणसाला "कशाला?" असं विचारतोच.

त्या रात्री हे दोन वाजेपर्यंत वह्या वाचत बसले होते. मी पाण्याला उठले तर टेबलावर लाल पेन. काही बोलले नाही, तशीच परत आत गेले. थोड्या वेळानं हेच आले आणि एक पान माझ्यापुढे धरलं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. कलम ११५, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. खाली चालू घडामोडी, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सुरुवात १० ऑक्टोबर २०२२, क्रमांक १४४१६. बाकी सगळ्या वहीत महत्त्वाच्या ओळीला एक रेघ होती. या दोन ओळींखाली पेननं इतक्या रेघा ओढल्या होत्या की कागद फाटला होता.

"अगं, स्वतःच्या हाताचं लिहिलेलं कुणी किलोवर विकत नाही," हे म्हणाले.

बुधवारी एकादशी होती. मी फोन केला आणि उपासाचं खायला बोलावलं. वह्यांबद्दल काकांना विचारायचंय, एवढंच निमित्त. तो आला. त्याचं खरं नाव लिहीत नाही, नामदेव म्हणते. परभणी जिल्ह्यातला. वडील कोरडवाहू शेतकरी, सोयाबीन आणि कापूस. पुण्यात पाचवं वर्ष. राज्यसेवेच्या परीक्षेत एकदा मेन्सपर्यंत, म्हणजे मुख्य परीक्षेपर्यंत गेला, थोडक्या मार्कांनी पोस्ट हुकली, त्यानंतर प्री, म्हणजे पूर्वपरीक्षाही निघेना. घरी मात्र प्री निघाली असं सांगून ठेवलेलं. गावात पेढे वाटून झालेले. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले. हे सगळं त्यानं साबुदाण्याच्या खिचडीकडे बघत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

मी विचारलं, "नामदेव, मरावंसं वाटतं का रे?"

यांच्या हातातली वाटी टेबलावर आपटली. असं विचारलं की डोक्यात नसलेलं भरवलं जातं, असा आपल्याकडे समज आहे. तसं होत नाही. नीट, सरळ विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. मला हे माहीत होतं, कारण तीन वर्षं कुणी मला हे विचारावं म्हणून मी वाट बघत होते.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मरावं असं नाही वाटत काकू. पण सकाळी उठावं असंबी नाही वाटत. आणि आता आता... हो. वाटतं."

आम्ही तिघांनी मिळून १४४१६ ला फोन लावला. एका मार्काचा प्रश्न म्हणून त्यानं पाठ केलेला नंबर. पलीकडची बाई मराठीतच बोलली. तो आत खोलीत जाऊन पाऊण तास बोलत होता. मंदारच्या खोलीत. तीन वर्षांनी त्या खोलीचं दार आतून कुणीतरी लावलं. त्या कडीच्या आवाजानं मी ओट्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी हे त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडू नकोस, असं बजावलं. त्याची भीती वेगळीच होती. "नोंद होती का काका? उद्या पोस्ट निघाली तर अडचण?" कलम ११५ ज्यानं स्वतः लिहून काढलं त्यालाच हा प्रश्न पडावा. हे म्हणाले, "वहीतलं पान काढू का तुझ्या?" तेव्हा तो पहिल्यांदा जरा हसला.

मग २५ जुलै. पुणेकरांना ती सकाळ आठवत असेल. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे विसर्ग, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी, भिडे पूल पाण्याखाली. मी सात वाजता नामदेवला फोन लावला. बंद. आठला बंद. नऊला बंद. टीव्हीवर नदी दाखवत होते. हे उठले, चप्पल अडकवली, मी मागोमाग. एकच छत्री. त्याची कॉट पलीकडच्या गल्लीत होती, तिथे तो नव्हता. खोलीतला मुलगा म्हणाला, पहाटेच बाहेर पडला. तिथून हे नदीच्या दिशेला लागले. चालत नव्हतेच, पळत होते, सदुसष्टाव्या वर्षी. मी मागून "अहो" म्हणत होते, तेही पावसात ऐकू जात नव्हतं.

नदीकडे जायच्या आधी मी त्यांना अभ्यासिकेकडे ओढलं. तिसऱ्या मजल्यावर अंधारात, टेबलावर डोकं ठेवून तो झोपला होता. लाइट गेलेली, फोन चार्जिंगला लावून मेलेला. यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तिथेच बाकावर बसून रडायला लागले. आजूबाजूला मेणबत्त्या लावून अभ्यास करणारी मुलं बघत होती. नामदेव घाबरून म्हणाला, "काका, झोप लागली होती फक्त. किती दिवसांनी लागली."

घरी येऊन टॉवेलनं डोकं पुसताना मी म्हटलं, "आपण कुठल्या रस्त्यानं गेलो?"

यांचा हात थांबला. वैकुंठाच्या फाटकासमोरून गेलो होतो. जाताना आणि येताना. दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

सगळं पुढे सुरळीत झालं असं मात्र नाही. ऑगस्टमध्ये माझ्या हातून चूक झाली. तो भिजून आला तेव्हा मी त्याला मंदारचा निळा शर्ट दिला. त्याला तो बेताचा बसला, आणि मी इतकी रडले की त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. चार दिवस तो फिरकला नाही. पाचव्या दिवशी मी जाऊन माफी मागितली. सांगितलं, तू मंदार नाहीस, हे मला शिकावं लागेल, वेळ दे. जाऊबाईंनी तेव्हा विचारलंच होतं, परक्या पोराला एवढं घरात कशाला? मी उत्तर दिलं नाही. त्यांच्या घरात रात्री तीन जण जेवायला बसतात.

त्याच महिन्यात परीक्षेचा गोंधळ झाला. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, २५ ऑगस्टला. परीक्षा पुढे ढकला म्हणून शास्त्री रस्त्यावर मुलं रात्रंदिवस आंदोलनाला बसली. नामदेवही बसला. मी थर्मास भरून चहा नेला, तर त्यानं आणखी वीस जणांना "या काकू आमच्या" म्हणून ओळख करून दिली. परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली.

मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं, ते सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळचं आहे. मी आत भाकरी थापत होते. बाहेर हे दोघे वह्यांवर बसलेले. नामदेव म्हणाला, "पिठल्याचा वास येऊ लालाय." आणि हे बोलायला लागले. मंदारचा वॉर्डातून शेवटचा फोन यांना आला होता, एवढं मला माहीत होतं. काय बोलला, विचारलं तेव्हा हे म्हणाले होते, बरा आहे म्हणाला. त्या संध्याकाळी मला कळलं. तो म्हणाला होता, "बाबा, आईच्या हातचं पिठलं मिळेल का?" बाहेरचं अन्न आत न्यायला परवानगी नव्हती. मला कळलं तर मी वेडी होईन, म्हणून साडेतीन वर्षं या माणसानं ते एकट्यानं पोटात ठेवलं होतं. माझ्यापाशी बोलता आलं नाही, ते त्या परभणीच्या पोराला सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपली. मी बाहेर आले. हे माझ्याकडे बघत होते. नामदेव उठला, गॅस बंद करून आला, आणि काही न बोलता चप्पल घालून निघाला. मी म्हटलं, "बस. जेवून जा." त्या रात्री आम्ही तिघांनी पिठलं खाल्लं. तो गेल्यावर आम्ही दोघं पहाटेपर्यंत मंदारबद्दल बोलत होतो.

दिवाळीआधी नामदेवनं घरी खरं सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. आई रात्रीच्या गाडीत बसून सरळ पुण्याला आली. हातात पिशवी, त्यात घरी केलेलं येसर, आमटीला लावायचं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. घरात आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू कुठं झोपायचं?" मी खोली दाखवली. ती तिथे जमिनीवर बसली, पलंगावर हात ठेवून. बराच वेळ. मग उठून माझ्या ओट्यापाशी आली आणि येसराची आमटी कशी करायची ते दाखवलं.

डिसेंबरच्या परीक्षेत नामदेवचं काही झालं नाही. निकाल लागला त्या रात्री तो आमच्याकडे आला, जेवला, आणि दहा तास झोपला. आता मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्यात. रविवारी येतो. वह्या आमच्याकडेच आहेत, मंदारच्या पुस्तकांच्या खालच्या कप्प्यात. यांनी अकराच्या अकरा किलो तपासून ठेवल्यात, लाल पेननं, आणि दर रविवारी दोघांचा त्यावरून वाद होतो.

त्याच्या आईचा फोन महिन्यातून एकदा येतो. "येसर संपलं का?" विचारते. डबा अर्धा भरलेला असला तरी मी संपलं म्हणून सांगते.