बोहारणीच्या हातून निसटलेले : टी-शर्ट संग्रहाची सहामाही नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा कपाटात १४३ टी-शर्ट होते. पावसाळा सरल्यावर सगळे बाहेर काढून मोजले, तेव्हा १५१ भरले. या सहा महिन्यांत बारा आले, तीन अदलाबदलीत गेले आणि एक माझ्या हातून मेला. अदलाबदलीत गेलेल्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, परंतु मेलेल्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ज्यांच्याकडे जुने काळे टी-शर्ट आहेत त्या प्रत्येकाच्या कपाटात तो धोका आज घडी घालून ठेवलेला असू शकतो.

तो टी-शर्ट मी तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका ढिगातून दीडशे रुपयांना घेतला होता. शुद्ध सुती, काळा, छातीवर एका परदेशी बँडचे चित्र, बाह्यांना आणि खालच्या काठाला एकेरी शिवण. ऑगस्टमध्ये त्याला कुबट वास येऊ लागला म्हणून रिठ्याच्या कोमट पाण्यात तासभर भिजवला आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलला. खांद्यांच्या दोन शिवणी माझ्या चिमटीत राहिल्या आणि बाकीचा टी-शर्ट बादलीतच बसला. कापड फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. भिजलेले वर्तमानपत्र जसे सुटते, तसे ते सुटले.

आपल्या छंदात याला ‘ड्राय रॉट’ म्हणतात, पण ही खरी कूज नव्हे. काळ्या सुती कापडासाठी स्वस्त म्हणून सल्फर डाय सर्रास वापरला जात असे. त्या रंगातील गंधकाचे हवा आणि ओलावा यांच्या संगतीत वर्षानुवर्षे सावकाश ऑक्सिडीकरण होते, त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि ते कापसाच्या तंतूंना आतून खाते. वरून रंग आणि छपाई शाबूत दिसते. खाडीकाठच्या ठाण्यात दमटपणाला तोटा नाही, त्यामुळे इथल्या संग्राहकाने तर हे अधिक जपले पाहिजे. तपासणी सोपी आहे : खालच्या काठाजवळचे कापड दोन चिमटींत धरून, कानाजवळ नेऊन, अगदी हलके ताणावे. चांगले कापड गप्प राहते. मेलेले कापड पापड मोडावा तसे बारीक कुरकुरते. एकदा ते कुरकुरले, की त्यावर उपाय नाही. या तपासणीत माझे आणखी दोन काळे टी-शर्ट संशयित ठरले असून ते आता पाण्यापासून आणि हँगरपासूनही दूर, आडवे ठेवले आहेत.

या अपघातानंतर साठवणीची सगळी पद्धतच बदलली. पूर्वी प्रत्येक टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. पण अनेक प्लॅस्टिक पिशव्यांमध्ये बीएचटी नावाचे रसायन असते, ते कापडात उतरते आणि हवेतील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग होऊन पांढऱ्या कापडावर पिवळी झाक आणते. माझ्या चार पांढऱ्या टी-शर्टांवर घडीच्या रेषांनी उमटलेला पिवळेपणा मी इतके दिवस ‘वयाचा’ समजत होतो. आता आईच्या दोन विरलेल्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत, आणि डांबरगोळ्या काढून त्यांच्या जागी वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवला आहे. प्लॅस्टिसॉलची, म्हणजे जाड रबरासारखी हाताला लागणारी छपाई असेल, तर मध्ये मलमलीचा तुकडा हवाच; नाहीतर मे महिन्याच्या उकाड्यात दोन चित्रे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना दोन्ही जातात.

आता बाजारभावांकडे वळतो, कारण या सहामाहीत सर्वांत जास्त विचारणा त्याबद्दलच झाली. १९६७ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडसाठी छापलेला एक टी-शर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये सदबीजच्या लिलावात १७,६४० डॉलरला गेला, आणि मॅराडोनाने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध घातलेली जर्सी मे २०२२ मध्ये ७१ लाख पौंडांवर पोहोचली. हे आकडे ऐकून आपल्या कपाटाकडे पाहणाऱ्यांनी या दोन वस्तूंची जात वेगळी आहे हे आधी ध्यानात घ्यावे. जर्सीला मॅराडोनाच्या अंगाचे मोल मिळाले. टी-शर्टला मात्र, तो जपून ठेवण्याची वस्तू आहे असे छापताना कोणालाच वाटले नव्हते, याचे मोल मिळाले. आपला संबंध दुसऱ्या प्रकाराशी आहे.

आपल्याकडे हा दुसरा प्रकार दुर्मीळ का झाला, याचे उत्तर मला बोहारणीत दिसते. मराठी घरात टी-शर्टचा जीवनक्रम ठरलेला असे : आधी बाहेरचा, मग घरातला, मग धाकट्याचा, आणि शेवटी एक तर पायपुसणे, नाहीतर बोहारणीच्या गाठोड्यात. १९९०च्या दशकात ठाण्याच्या कोलबाड भागातल्या आमच्या चाळीत बोहारीण आली, की आई जिन्यात बसून तासभर घासाघीस करत असे. माझे पाच टी-शर्ट आणि बाबांची एक पँट देऊन तिने घेतलेले स्टीलचे पातेले आजही आमच्याकडे दुधाला वापरले जाते. त्या पाचांत शाळेच्या सहलीचा एक होता आणि शीतपेयाच्या कंपनीने फुकट वाटलेला एक होता. आज ते मिळाले, तर त्यांच्या किमतीत अशी पातेली डझनाने येतील. त्या दशकात शाळेत असलेली पिढी आता चाळिशीत आहे, हातात पैसा आहे, आणि मागणी वाढली असली तरी माल तेव्हाच गाठोड्यात बांधून गेलेला आहे. भाववाढीची बाकीची कारणे, म्हणजे टाळेबंदीत इन्स्टाग्रामवर उगवलेली जुन्या कपड्यांची दुकाने वगैरे, मला दुय्यम वाटतात.

मागणी वाढली, की नकली माल येतोच. जूनमध्ये एका विक्रेत्याने मला १९९२च्या विश्वचषकाची ‘मूळ’ भारतीय जर्सी नऊ हजारांना देऊ केली. रंगीत कपडे, पांढरा चेंडू आणि पाठीवर खेळाडूंची नावे असलेला तो पहिलाच विश्वचषक. नऊही संघांच्या कपड्यांचा साचा एकच होता आणि फक्त मूळ रंग वेगळा होता, त्यामुळे गडद निळ्यावर पिवळ्या अक्षरांतले ‘इंडिया’ आणि खांद्यांवरचे रंगीत पट्टे आपल्या पिढीला डोळे मिटूनही दिसतात. विक्रेत्याची जर्सी दिसायला अप्रतिम होती. मी ती उलटी केली, तर आतून कापड पांढरेफटक : म्हणजे रंग उष्णतेने पॉलिएस्टरच्या वरच्या थरात उतरवलेला, आजच्या सब्लिमेशन छपाईचा. तरीही शंकेचा फायदा द्यावा म्हणून बाजूच्या शिवणीतली चिठ्ठी पाहिली, तर तिच्यावर किमतीच्या आधी ₹ हे चिन्ह. हे चिन्ह सरकारने स्वीकारले जुलै २०१० मध्ये. विक्रेत्याला तसे सांगितल्यावर तो म्हणाला, “साहेब, चिठ्ठी नंतर लावली असेल.” मी पैसे खिशात ठेवले आणि त्याच्याकडूनच एक साधा, जुना बनियन कापडाचा टी-शर्ट ऐंशी रुपयांना घेऊन आलो.

कालनिश्चितीच्या खुणांबद्दल थोडे अधिक. अमेरिकी टी-शर्टांमध्ये एकेरी शिवण साधारणपणे १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतची समजली जाते. पण हा नियम भारतीय मालाला लावू नये, कारण आपल्याकडच्या लहान शिलाई युनिटांत हाताशी जे यंत्र असेल त्यावर माल निघत असे. माझ्याकडे २००३च्या छपाईचा एकेरी शिवणीचा टी-शर्ट आहे. अमेरिकी चिठ्ठीवरचा आरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, अमेरिकी व्यापार आयोग कंपनीला देतो, म्हणून त्यावरून काढलेले वर्ष कंपनीच्या नोंदणीचे असते, टी-शर्टचे नव्हे; या एका गैरसमजापायी अनेकांनी दुप्पट पैसे मोजले आहेत. भारतीय चिठ्ठीवर मी सर्वांत आधी पत्ता वाचतो. पिन कोड असेल तर माल ऑगस्ट १९७२ नंतरचा, एवढे निश्चित होते. शहराच्या जुन्या नावावर मात्र विसंबून राहू नये, कारण शिल्लक चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरणारे कारखानदार आपल्याकडे थोडे नाहीत.

याच पत्त्याने यंदाची सर्वांत आनंदाची वस्तू दिली. वाशीच्या सेक्टर नऊमधल्या एका ओळखीच्या काकूंकडे मी सहज विचारले, “काकू, घरात जुने टी-शर्ट आहेत का हो?” त्या म्हणाल्या, “आहेत ना, फरशीला घेतलेत.” बादलीच्या कडेवर वाळत घातलेला राखाडी टी-शर्ट मी उलगडला, तर मानेमागे विटलेल्या लाल धाग्यांत विणलेली चिठ्ठी : वाशीच्या एका बंद पडलेल्या दुकानाचे नाव, खाली ‘न्यू बॉम्बे ४०० ७०३’. पाठीत दोन भोके, काठ उसवलेला, आणि फिनेलचा वास दोन धुण्यांनंतरही टिकून आहे. बाजारात याला कोणी शंभर रुपये देणार नाही. पण सिडकोचे शहर अजून स्वतःचे नाव शिकत होते त्या काळाचा याहून बोलका कागद माझ्याकडे नाही, म्हणून काकूंना नवी फडकी देऊन मी तो आणला.

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानाची माझ्या संग्रहातली शाखा या काळात दोनाने वाढली. पुणे वॉरियर्स हा संघ आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम होता, आणि पहिल्या हंगामातले त्याचे घरचे मैदान पुण्यात नसून हे होते. त्या हंगामात एका प्रेक्षकाने घातलेला टी-शर्ट, खिशात विसरलेल्या तिकिटाच्या तुकड्यासह, अदलाबदलीत मिळाला. बंद पडलेल्या संघांचे कपडे पुढे चढतील असे माझे मत आहे, कारण त्यांची पुनर्छपाई करण्यात कोणाला रस नाही. दुसरी भर १५ डिसेंबर २०१९च्या यू-टू बँडच्या मैफलीची, पण अधिकृत विक्रीची नव्हे, तर स्टेशनबाहेर दोरीवर टांगून विकलेल्या नकलेची. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तिन्ही दिवशी मी मैदानाबाहेरून असेच एकेक टी-शर्ट घेतले होते आणि प्रत्येकात तारीख, जागा व दिलेली किंमत लिहून कागद घातला होता. अधिकृत माल हजारो जण जपून ठेवतात. फुटपाथवरचा माल पहिल्या तीन धुण्यांत विटतो आणि जातो. ज्या काही मित्रांना हा माझा हट्ट वाटतो, त्यांनी आणखी पंधरा वर्षे थांबावे.

शेवटची भर अजून पूर्णपणे माझी झालेली नाही. कोलबाडमध्येच राहणारा एक रिक्षाचालक पूर्वी गोविंदा पथकात दुसऱ्या थराला उभा राहत असे. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला, त्याच दिवशी याच्या लहानशा पथकाने शहरातच सहा थर लावले होते, आणि तेव्हाचा भगवा टी-शर्ट त्याने तसाच ठेवला आहे. पुढे पथकाचे नाव आणि साल, पाठीवर नेहमीप्रमाणे पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. पाहण्यासारखे आहेत ते खांदे : दोन्ही बाजूंना गळ्यापासून चार बोटांवर कापड ताणून पातळ झाले आहे, तिथली छपाई वरच्या गड्याच्या तळव्यांनी घासून गेली आहे, आणि उजव्या खांद्यावर टाचेच्या आकाराचा मातकट डाग आहे. पुण्याच्या एका संग्राहकाने छायाचित्र पाहूनच साडेतीन हजार देऊ केले. मी टी-शर्ट हातात घेतला तेव्हा रिक्षाचालक एवढेच म्हणाला, “दादा, न्या, पण धुऊ नका.”

धुणार नाहीच, परंतु चिखल तसाच राहिला तर तिथले कापड किती वर्षे टिकेल, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही, आणि ज्यांनी मातीचे डाग राखून कपडे जपले आहेत त्यांच्या अनुभवाची मला गरज आहे. पुण्याचा प्रस्ताव मी थांबवून ठेवला आहे. त्या दिवशीचे थराचे छायाचित्र रिक्षाचालकाच्या माळ्यावरच्या अल्बममध्ये आहे आणि तो दिवाळीच्या साफसफाईत काढून देणार आहे. साफसफाईच्या त्याच आठवड्यात त्याच्या इमारतीत बोहारीण येते, म्हणून टी-शर्ट मी वसुबारसेच्या आधीच जाऊन घेऊन येणार आहे.