गुरं मोजायला कुणी आलंच नाही

नेब्रास्कातली आमची चेरी काउंटी कनेक्टिकट राज्याहून मोठी, पण वस्ती सहा हजारांच्या आत. माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त. 2020 च्या एप्रिलमध्ये मांसाच्या मोठमोठ्या कारखान्यांत कोरोना शिरला, ते बंद पडू लागले आणि गुरांचे भाव कोसळले. सरकारने शेतकऱ्यांना थेट 16 अब्ज डॉलर द्यायचं ठरवलं, हे तुम्ही वाचलं असेल. मला धक्का बसला तो आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात.

सत्तरी पार केलेले हे आजोबा अजून स्वतः गुरं राखतात. शर्टाच्या खिशातून त्यांनी छोटी लाल वही काढली. कुठली गाय कधी व्याली, वासराच्या कानातला नंबर काय, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. मदतीचा नियम असा: 16 एप्रिल ते 14 मे यांतल्या ज्या दिवशी गुरं सर्वांत जास्त, तो दिवस ज्याने त्याने निवडायचा. आजोबांनी शेवटचा निवडला, कारण तोवर बहुतेक गाई व्याल्या होत्या. 310 जनावरं, डोई 33 डॉलर. काउंटीच्या शेती कार्यालयाला फोनवर आकडा सांगितला, अर्जावर सही केली. पुरावा जोडायचा नाही. 80 टक्के रक्कम लगेच खात्यात आली, उरलेली नंतर.

मी तीनदा विचारलं, "मोजायला कुणीच आलं नाही?" त्यांना माझा प्रश्नच कळेना.

मला दिसत होते संगमनेरजवळच्या आमच्या रानात उभे असलेले अण्णा. 2019 च्या ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन कुजलं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत त्यांनी ते तसंच ठेवलं, रब्बीची पेरणी लांबली. शेवटी कुजलेल्या पिकात उभं राहून फोटो काढून घेतला. मदत हेक्टरी 8 हजार, तीही दोन हेक्टरपर्यंत.

आपल्याकडे खातेदार कोटींत आहेत, एका तलाठ्याकडे चार-चार गावं, हे मला कळतं. लॉकडाऊन लागल्यावर पीएम-किसानचे 2 हजार एप्रिलमध्येच कोट्यवधी शेतकऱ्यांच्या खात्यात पडले, हेही थोडं नाही. आणि इथंही सगळं सरळ नाही. डोई पैसे म्हणजे मोठ्या रँचला जास्त, माणशी कमाल मर्यादाच अडीच लाख डॉलर होती. सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या फेरीत डोई 55 डॉलर होते, पण पैदाशीच्या गाई वगळल्या होत्या, म्हणजे आजोबांना फक्त वासरांचे मिळणार होते. खोटा आकडा दिला तर मागाहून तपासणी आणि दंड होताच. पण आधी विश्वास आणि मग तपासणी, हा क्रम माझ्या मनातून जात नाही. अण्णा आयुष्यात कुणाशी खोटं बोललेले नाहीत.

मी शेती सोडून इथं आले ती नोकरीसाठी, घरावरचं कर्ज फेडायला, आणि ते फिटलंय. तरी त्या रात्री फोन लावताना आवाज नीट निघेना. तिकडे सकाळची धार नुकतीच झाली होती. उन्हाळ्यात दुधाचा भाव लिटरला वीस रुपयांच्याही खाली गेला, तेव्हा अण्णांनी एक गाय विकली होती.

लाल वहीचं सगळं सांगून झालं. अण्णा बराच वेळ गप्प होते.

"लिहून तर मीही ठेवतो गं," ते म्हणाले. "रोजचं दूध, दोन्ही वेळचं. गेल्या अकरा वर्षांचं आहे."