साडेतीन तासांची सही

गेल्या नोव्हेंबरातील एका शनिवारी दुपारी हातांवरची माती धुण्याआधीच आमच्या गल्लीतील झाडांचे काम पाहणाऱ्या शेजारीणबाईंनी माझ्यापुढे एक तक्ता धरला आणि आल्याची वेळ, गेल्याची वेळ, एकूण तास व सही असे चार रकाने भरायला सांगितले. शेजारासाठी दोन खड्डे खणले त्याची वेळ कसली लिहायची, असे मी म्हणाले. "तुम्ही लिहिले नाही, तर तेवढी रक्कम आपल्या गल्लीच्या वाट्यातून कमी धरली जाईल," असे त्या शांतपणे म्हणाल्या. मी साडेतीन तास लिहिले, सही केली आणि घरी येऊन बराच वेळ अस्वस्थ राहिले.

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात १९८८ पासून 'नेबरहूड मॅचिंग फंड' नावाचा निधी आहे. वस्तीतील लोकांनी एकत्र येऊन काम सुचवायचे, शहर त्यासाठी अनुदान देते, पण वस्तीनेही स्वतःचा वाटा उचलायचा असतो आणि तो रोखच असावा असे बंधन नाही. दुकानदाराने दिलेले साहित्य, जाणकाराने विनामूल्य काढून दिलेला आराखडा आणि रहिवाशांनी खणलेले खड्डे या सर्वांची किंमत त्या वाट्यात धरली जाते. स्वयंसेवकाच्या तासाला ठरलेला दर असतो. फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाखाली फोक्सवॅगन बीटल गाडी मुठीत पकडून बसलेला जो अठरा फुटी राक्षस येथे येणारा प्रत्येक पाहुणा पाहून जातो, तोही १९९० मध्ये याच निधीच्या मदतीने उभा राहिला. आमच्या गल्लीचे काम त्यामानाने लहान होते. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या मातीच्या पट्टीत अकरा झाडे, दोन बाके आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर एक चित्र, एवढेच.

मला खटकला तो श्रमदानाचा हिशेब. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली आहे. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही आदर्श गावाची पंचसूत्री आम्ही शाळेत फळ्यावर वाचत मोठे झालो, आणि हिवरे बाजारने ती खरी करून दाखवली हे आम्हांला कोणी निराळे सांगावे लागले नाही. आमचे आप्पा गावच्या कामाला टिकाव आणि घमेले घेऊन जात, तेव्हा किती वाजता गेले आणि किती वाजता आले हे आईलासुद्धा सांगत नसत. दान एकदा दिले की ते बोलून दाखवायचे नाही, हे आमच्या घरातले वळण. त्या दानाला डॉलरमध्ये दर लावून कागदावर उतरवणे मला त्या दुपारी फार कोते वाटले आणि हे येथल्या लोकांना कळायचे नाही, असेही वाटले.

तरीही तो तक्ता मी पुन्हा वाचला तेव्हा माझ्या नावाच्या वर आमच्या कोपऱ्यावर भाड्याने राहणाऱ्या एका आजींचे नाव होते. रोख वर्गणीची यादी फिरली तेव्हा त्यांनी काही दिले नव्हते. या तक्त्यात मात्र त्यांचे चार तास होते आणि त्यांच्या तासाचा दर मोठ्या कंपनीतल्या अभियंत्याच्या तासाइतकाच होता. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचाही वाटा अर्जात आकड्याने दिसतो, ही सोय ज्याने प्रथम केली त्याला मी मनापासून मानते. अर्थात आपल्याकडे हे अगदीच नव्हते असे नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत श्रमदानाने झालेले काम आणि यंत्राने झालेले काम वेगवेगळे मोजले जाई, आणि २०१८ मध्ये पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातील टाकेवाडीने मिळवला. स्पर्धेच्या त्या पंचेचाळीस दिवसांत मी येथे होते. नोकरी नवी होती, व्हिसाचे कागद अडकलेले होते आणि तेव्हा निघणे खरोखरच शक्य नव्हते.

काम करण्याची पद्धत मात्र मी येथे नव्याने शिकले. खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. मग जमिनीखालच्या वायूच्या, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्यांवर निरनिराळ्या रंगांच्या रेघा मारल्या जातात. रस्त्याकडेच्या झाडाला शहराचा परवाना लागतो, तो विनामूल्य असतो, आणि वर तारा असतील तेथे ठेंगण्या जातीचेच झाड चालते. शिकवायला आलेल्या बाईंनी कुंडीतून काढलेल्या रोपाच्या बुंध्याभोवतीची माती बोटांनी खरवडली, तेव्हा दोन बोटे खाली खोड पसरून मुळांना मिळते ती जागा उघडी पडली. ती जमिनीच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर खोड हळूहळू कुजते. आम्ही गावी रोप जितके खोल तितके पक्के असे समजून पुरत आलो. वर पसरलेल्या लाकडाच्या ढलप्याही बुंध्याला टेकू द्यायच्या नाहीत. मेदूवड्यासारखी मधली जागा मोकळी ठेवायची.

लागवड येथे पावसाळ्याच्या तोंडाशीच होते, फक्त येथला पावसाळा ऑक्टोबरात सुरू होतो. सिअ‍ॅटल म्हणजे बारमाही पाऊस, ही समजूत जुलै-ऑगस्ट पाहिलेला माणूस ठेवणार नाही. ते दोन महिने बहुतेक कोरडे जातात, आणि नव्या झाडाला पहिली तीन ते पाच वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावेच लागते. त्यासाठी बुंध्याभोवती हिरवी पिशवी बांधतात. तिच्यात सुमारे ७५ लिटर पाणी मावते आणि ते काही तास तळातून झिरपत राहते. आप्पा रोपाशेजारी मडके पुरतात आणि त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घालतात, तीच ही युक्ती.

गल्लीच्या कामाचा हिशेब डिसेंबरात पूर्ण झाला. उन्हाळ्यातले पाणी आमच्या अर्जात आम्हीच लिहिले नव्हते. ते तोंडी ठरले होते. ऑगस्टमध्ये आम्ही मुलांना घेऊन गावी गेलो. माणात पावसाने ओढ दिली होती आणि मी रोज सकाळी आप्पांबरोबर शाळेमागच्या रोपांची मडकी भरत होते. त्याच पंधरवड्यात येथली दोन झाडे वाळली आणि त्यांतल्या एकाची पिशवी भरण्याची पाळी माझी होती. मी निघताना शेजारी सांगून गेले होते, पण लिहून ठेवले नव्हते.

२०१९ मध्ये आपल्या राज्याने तेहतीस कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा लावलेल्यांपैकी जगली किती असे मी येथून तावातावाने विचारत असे. सिअ‍ॅटलमध्ये झाडांची सावली २०१६ मध्ये शहराच्या २८.६ टक्के भागावर होती, ती २०२१ मध्ये २८.१ टक्क्यांवर आली, आणि २०३७ पर्यंत ३० टक्के गाठायचे आहेत. आमच्या गल्लीत अकरांपैकी नऊ उरली.

त्या दोन जागी या नोव्हेंबरात नवी रोपे लावायची आहेत. या वेळच्या तक्त्यात पाण्याच्या पाळीचा रकाना मी स्वतः आखला आहे आणि पुढील तीन उन्हाळ्यांच्या प्रत्येक आठवड्यापुढे एक नाव व एक बदली नाव अशी जागा ठेवली आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापुढे माझे नाव आहे आणि बदलीच्या जागी कोपऱ्यावरच्या आजींनी सही केली आहे.