जर्मनीतलं ई-बिल: बाप आधी की पोर आधी?

गोव्यातल्या फर्मागुडीहून इंजिनिअर होऊन जर्मनीत आलेल्यांच्या वाट्याला हल्ली ई-बिलाचं, म्हणजे संगणकाला थेट वाचता येणाऱ्या बिलाचं, काम हमखास येतं. १ जानेवारी २०२५ पासून इथल्या व्यवसायांना एकमेकांची ई-बिलं स्वीकारता येणं सक्तीचं झालंय. कोडमधले क्लास (माहितीचे साचे) लिहून होतात, टेस्ट हिरव्या होतात आणि बाहेर पडलेल्या फाइलीत फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, भलत्याच क्रमाने उभी असतात.

समजा, 'दस्तऐवज' या बेस क्लासात क्रमांक आणि तारीख आहे. त्याच्यावरून बेतलेल्या 'बिल' या सबक्लासात ग्राहक आणि रक्कम. जावातली माहिती जेसन (JSON) या मजकुराच्या स्वरूपात लिहिणारी जीसन (Gson) लायब्ररी हे असं लिहिते:

{"ग्राहक":"नाईक","रक्कम":450,"क्रमांक":17,"तारीख":"2025-03-04"}

पोर (सबक्लास) पुढे, बाप (बेस क्लास) मागे. कारण जीसन आधी सबक्लासाची फील्ड गोळा करतं, मग एकेक पायरी वर चढतं. जॅक्सन ही जावाची दुसरी लायब्ररी सहसा बापापासून सुरुवात करते. त्यातही एका क्लासातली फील्ड रिफ्लेक्शनने (कोडनेच क्लासची रचना वाचण्याच्या सोयीने) ठरावीक क्रमानेच मिळतील, अशी हमी जावा देतच नाही. म्हणून जॅक्सनमध्ये सबक्लासावर जेसनप्रॉपर्टीऑर्डर ही क्रम ठरवणारी खूण लावून बापाच्या फील्डांसकट पूर्ण यादी द्यावी.

मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट वापरणाऱ्यांची फसगत वेगळी. तिथल्या न्यूटनसॉफ्ट या जेसन लायब्ररीत लहान आकड्याचं फील्ड आधी येतं आणि ऑर्डर न दिलेल्या फील्डाची किंमत -१ धरली जाते. त्यामुळे क्रमांकाला हौसेने १ दिला, तर तो वर येण्याऐवजी तळाला जातो! वर हवा तर -२ द्या. सिस्टम टेक्स्ट जेसन या डॉटनेटच्या दुसऱ्या लायब्ररीत मूळ किंमत ०, तिथे -१ पुरतो.

निव्वळ जेसन असेल तर यात वेळ घालवू नये. ते ताट आहे, कुठूनही जेवा. मजकुरावर डिजिटल सही होत असेल तर मात्र एक फील्ड हललं तरी सही जुळत नाही.

ई-बिलाचं यूबीएल हे एक्सएमएल स्वरूप म्हणजे पंगतीची वाढणी. त्याच्या स्कीमात (नियमांच्या फाइलीत) सीक्वेन्स, म्हणजे ठरलेला क्रम, आहे: कस्टमायझेशनआयडी, प्रोफाइलआयडी, आयडी, मग इश्यूडेट. तारीख आयडीच्या आधी आली की व्हॅलिडेटर बिल परत करतो.

जॅक्सबी (JAXB) या जावातून एक्सएमएल लिहिणाऱ्या साधनात बापाची एलिमेंट नेहमी आधी येतात. सबक्लासाच्या प्रॉपऑर्डरमध्ये (क्रमाच्या यादीत) ती मध्येच घुसवता येत नाहीत. मधे हवीच असतील तर बेस क्लासावर एक्सएमएलट्रान्झियंट ही खूण लावायची. मग बापाची फील्ड पोराच्या खात्यात जमा होतात आणि प्रॉपऑर्डरमध्ये ती सगळी लिहावी लागतात. एखादं राहिलं, तर जॅक्सबीचा कॉन्टेक्स्ट (लिहिण्याआधीची तयारी) तयार होतानाच एरर येतो आणि राहिलेल्या फील्डाचं नाव त्यातच छापलेलं असतं.