जुना गॅस गीझर उन्हाळ्यासाठी बंद : यंदाची नोंद (पाडवा ते एप्रिलअखेर)

मंडळी, मागच्या वर्षी मी नुसता सिलेंडरचा नॉब बंद केला आणि गीझर विसरून गेलो, आणि जूनमध्ये चालू करायला गेलो तर सेल फुटून डबीत पांढरी पावडर, डायफ्रॅम (पाण्याच्या दाबानं हलणारी रबराची चकती) चिकटलेला आणि एका बर्नरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. दोन रविवार त्यात गेले. म्हणून यंदा बंद करतानाच सगळं करायचं ठरवलं, आणि करता करता लिहितोय. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे बंद करणं म्हणजे दोन-तीन महिने आत काय काय पडून राहणार तेवढाच प्रश्न आहे : पाणी, सेल, गॅस आणि किडे.

मशीन : ६ लिटरवाला, साधारण १४ वर्षांचा, एलपीजी, दोन मोठ्या सेलवर स्पार्क होणारा. पुण्यात धायरीला राहतो, गीझर ड्राय बाल्कनीत लावलाय, बाथरूमच्या आत नाही (ज्यांचा अजून आत आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी तो बाहेर काढा, बंद बाथरूममध्ये ज्योतीमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही, माणूस गप्पकन पडतो).

पाडवा, ३० मार्च २०२५
अभ्यंगस्नानाच्या अंघोळी झाल्या, हीच सीझनची शेवटची पेटवणी. पण बंद करायच्या आधी मोजमाप घेतलं, कारण गीझरच्या तक्रारी आत्ता डोक्यात ताज्या आहेत, जूनमध्ये काही आठवत नाही. १५ लिटरची बादली भरायला ३ मिनिटं ४० सेकंद लागले. जानेवारीत हीच बादली २ मिनिटं ५० सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला ५.३ लिटरवरून ४.१ वर आलोय. येणारं पाणी २७ अंश, जाणारं ४९. डावीकडच्या दोन बर्नरच्या ज्योतीची टोकं पिवळी, बाकी निळ्या.

मग बंद करायचा क्रम, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. गीझर पेटलेला असतानाच रेग्युलेटर बंद करायचा, म्हणजे नळीत राहिलेला गॅस जळून जातो आणि ज्योत आपोआप विझते. त्यानंतर लगेच नळ बंद नाही करायचा, एक-दीड मिनिट पाणी तसंच जाऊ द्यायचं, नाहीतर कॉइल (ज्यातून जाताना पाणी तापतं ती तांब्याची नळी) तापलेलीच असते, आतलं थांबलेलं पाणी अजून तापतं आणि त्यातले क्षार तिथंच बसतात. कॉइल गार झाली की नळ बंद, मग सेल बाहेर.

६ एप्रिल
कव्हर उघडलं. इनलेटची (पाणी आत येतं तिथली) जाळी काढली तर अर्धी जाळी वाळूनं बुजलेली! मार्चपासून सोसायटीत टँकरचं पाणी जास्त येतंय, त्याचाच परिणाम. जाळी धुऊन परत बसवली आणि नुसतं पाणी सोडून बादली लावली, मिनिटाला ४.७ लिटर. म्हणजे अर्धी तक्रार दहा मिनिटांच्या कामाची होती.

कॉइलच्या पत्र्यांमध्ये काजळी, मुख्यतः डावीकडे, जिथे ज्योत पिवळी होती बरोबर तिथेच. कोरड्या ब्रशनं वरून खाली झाडली, खाली बर्नरवर ओला कपडा टाकून, नाहीतर सगळी काजळी बर्नरमध्येच जाते. जेट (गॅस बाहेर येतो ती बारीक भोकं) पितळेचे असतात, त्यात सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत परत पिवळी, मी ब्रशचा एक केस घालून साफ केले आणि फुंकले. डावीकडच्या एका जेटमागे कोळ्याचं जाळं निघालं, हवा तिथंच अडत असणार. सेन्सर पिन बारीक पॉलिश पेपरनं घासली. ज्योतीतून अगदी थोडा करंट जातो आणि त्यावरून सर्किटला कळतं की पेटलंय, पिनेवर थर बसला की गीझर पेटून दोन सेकंदात विझतो, आणि आपण उगाच नवीन सेल आणत बसतो.

१३ एप्रिल
क्षार काढायचं काम. कूलरचा छोटा पंप, बादलीत ५ लिटर कोमट पाणी, पाव किलो लिंबूफूल. दोन्ही नळ्या थेट कॉइलला जोडल्या, वॉटर व्हॉल्व्ह बाजूला ठेवला म्हणजे रबराला ॲसिड लागत नाही. पहिली दहा मिनिटं चांगले बुडबुडे आले, पंचविसाव्या मिनिटाला कमी झाले, चाळीसला थांबवलं. पाणी निळसर-हिरवं दिसायला लागलं तर चाळीस मिनिटं व्हायची वाट न बघता लगेच थांबा, तांबं विरघळतंय. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, मग साधं. आता मिनिटाला ५.२ लिटर. मला खरंच आनंद झाला, आईला बोलावून बादली भरताना दाखवली, ती म्हणाली बंबाला पण आम्ही चिंच लावून घासायचो. तिच्या माहेरचा तांब्याचा बंब कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला होता, एवढं तिला अजून आठवतंय.

२० एप्रिल
डायफ्रॅम. पाणी वाहिलं की दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, रबर उचललं जातं, पिन ढकलते आणि मायक्रोस्विच (स्पार्क चालू करणारं छोटं बटण) दबतो, म्हणजे सगळा गीझर त्या एका रबराच्या चकतीवर चालतो. आमचा कडेला कडक झालेला, नवीन रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाला (जुना बरोबर घेऊन जा, व्यास मिलिमीटरनं चुकला तरी बसत नाही). पिनेला सिलिकॉन ग्रीस.

आता वादाचा मुद्दा, पाणी आत ठेवायचं की काढायचं? टँकरचं गढूळ पाणी तीन महिने आत ठेवायची माझी तयारी नाही, म्हणून खालचा ड्रेन स्क्रू उघडून काढून टाकलं. पण रबर कोरडं पडून चिकटू नये म्हणून महिन्यातून एकदा गॅस आणि सेल बंद ठेवून दोन मिनिटं पाणी सोडायचं आणि परत काढायचं. ही कल्पना इंग्लंडमधल्या मावसभावाची, तिकडच्या घरच्या गॅस बॉयलरचा पाणी फिरवणारा पंप उन्हाळाभर बंद राहिला तर जाम होतो, म्हणून ते अधूनमधून थोडा वेळ हीटिंग चालू करतात. आपलं मशीन वेगळं, पण न हलणारी वस्तू चिकटते हे दोन्हीकडे सारखंच.

सेलच्या डबीचे टर्मिनल पुसले, वरच्या धुराच्या तोंडाला बारीक जाळी बांधली कुंभारमाशीसाठी, आणि नॉबवर कागद चिकटवला : 'जाळी काढल्याशिवाय पेटवू नये'. तो कागद विसरू नका, धुराचं तोंड बंद ठेवून पेटवणं फार धोक्याचं आहे.

२७ एप्रिल
पहिली महिन्याची फेरी आजच करून बघितली, पिन मोकळी हलतेय, मायक्रोस्विचचा टिक आवाज स्पष्ट. ज्योत पिवळी राहिली की गेली हे पालख्या पुण्यात येतील त्या सुमारास गॅस चालू केल्यावरच कळेल, तेव्हा परत बादली लावून आकडे टाकतो, आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बघणं तर आलंच. सध्या फक्त ड्रेन स्क्रूमधून मिनिटाला एखादा थेंब गळतोय, वायसर चपटा झालाय, तो पुढच्या रविवारी.